यंदा भाऊजी काय सोडणार?

आमच्या भाऊजींइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या आदिलाबाद जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही, आणि मनापासून सांगते, सापडूही नये. एक आहे तेवढ्यानंच आमच्या घराण्याला घाम फुटलाय. भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. बेल्यातल्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर इंग्रजी शिकवलं. आम्ही दोघी बहिणी मुधोळच्या. अक्काला बेल्यात दिली, आणि मागून मलाही त्याच गावात, बसस्टँडसमोरच्या बांगड्या-कटलरीच्या दुकानात दिली. तेव्हा भाऊजींच्या तऱ्हा मी ऐकीव सांगत नाही, डोळ्यांनी पाहिलेल्या सांगते आहे. कुणाच्या घरात दारू शिरते, कुणाच्या घरात पत्ते शिरतात. आमच्या अक्काच्या घरात इंग्रजी व्याकरण शिरलं होतं.

त्याचं झालं असं. इंग्रजीत म्हणे पूर्वी असलेली आणि आता सुटलेली सवय सांगायची एक वेगळी पद्धत आहे. 'यूज्ड टू' असं काहीतरी म्हणतात. मी सातवीत शाळा सोडली, त्यामुळे मला त्यात काही कळत नाही, पण हे दोन शब्द मला रात्रीबेरात्री झोपेतून उठवून विचारलेत तरी सांगेन, इतके ते आमच्या मानेवर बसलेत. हा धडा नववीला दिवाळीनंतर यायचा. पुस्तकात त्याची वाक्यं छापलेली असत. कुणी एक गोपाल लहानपणी रोज नदीत पोहत असे, वगैरे. कुणीही शहाणा मास्तर ते वाक्य फळ्यावर उतरवील आणि घरी जाऊन भाकरी खाईल. आमचे भाऊजी पुस्तक मिटायचे. "हा गोपाल कोन होय? कोनत्या गावचा? त्याले पोवताना कोनी पाह्यलं?" असं पोरांनाच विचारायचे. पुस्तकातला गोपाल जन्मालाच आलेला नाही, तर त्याची सवय सुटणार कशी, आणि जे सुटलं नाही ते सुटलं म्हणणं म्हणजे वर्गात उभं राहून खोटं बोलणं, असा त्यांचा सवाल. वर्गात खोटं वाक्य बोलायचं नाही हा त्यांचा नेम. म्हणून मग पोरांना खरं उदाहरण देण्यासाठी हा गृहस्थ दरसाल स्वतःची एक सवय सोडायचा. एकच उदाहरण दरवर्षी चालवता आलं असतं, नाही का? पण तेही नाही. आमच्याकडे नववीतलं प्रत्येक पोर दहावीतल्या कुणाचा तरी भाऊ नाहीतर बहीण. शिळं वाक्य पोरं घरूनच पाठ करून येतात, असं भाऊजींचं म्हणणं. त्यामुळे उदाहरण दरसाल ताजं लागायचं. कापूस वेचणीला आला की लोकांच्या डोक्यात भावाची चिंता, आणि आमच्या घरात दुसरीच: यंदा भाऊजी काय सोडणार?

पहिल्यांदा त्यांनी चहा सोडला. शाळेतून आले, अक्कानं कप पुढे केला, तर हे शांतपणे म्हणाले, "पीत होतो." अक्काला वाटलं ताप आला. तिनं कपाळाला हात लावून पाहिला. दुसऱ्या दिवशी स्टँडवरचा चहावाला घरी हजर. बिचारा हादरून गेला होता. "गुर्जी, माया चहात काही पडलं होतं का? सांगा, मी पातेलं बदलतो." भाऊजींनी त्याला खाली बसवून सगळा धडा समजावून सांगितला. तो ऐकत राहिला आणि उठताना मला हळूच म्हणाला, "एका वाक्यापायी चहा? बाई, यायले कोनाले तरी दाखवा." मी काय दाखवणार! त्या वर्षी आम्हाला वाटलं, असेल एखादी लहर. पुढच्या दिवाळीनंतर त्यांनी मिशीला पीळ देणं सोडलं. मिशी झकास होती, पीळ देण्याजोगी होती, आणि हात सवयीनं सारखा वर जायचा. तेव्हा खोटं पडू नये म्हणून त्यांनी मिशीच काढून टाकली. त्या दिवशी अक्कानं दार उघडलं, समोर सपाट ओठांचा माणूस पाहिला, पदर ओढला आणि "ते घरी नाहीत, संध्याकाळी या" म्हणून दार लावून घेतलं. भाऊजी ओट्यावर बसून राहिले. मी कशाला तरी गेले तेव्हा मला दिसले. "काऊन बाहेर बसले?" म्हटलं, तर म्हणतात, "ती खरंच बोलली. ज्या माणसाले ती ओळखते, तो घरी नाही." आता अशा माणसाला काय म्हणावं?

मग मोटारसायकल गेली. माझ्या पोराचं लग्न नेरडीगोंड्याला होतं. सगळं वऱ्हाड पोचलं, मुहूर्त जवळ आला, भाऊजींचा पत्ता नाही. शेवटी ते आले ते कापसानं भरलेल्या एका गाडीच्या ढिगावर बसून, डोक्यावर, भुवयांवर, नव्या शर्टावर कापूस. नवरीकडच्या म्हातारीनं विचारलं, हे आजोबा कोण? माझ्या पोराचे मावसे हेच, असं मी त्या क्षणी म्हणू शकले नाही, इतकी लाज वाटली. आणि त्याच मांडवात विहीणबाईंनी आग्रह करकरून चहा पुढे केला, तर हात जोडून काय म्हणाले असतील? "घेतला असता हो. पन त्या सालची पोरं आता कोनी हैदराबादेत आहे, कोनी बँकेत आहे. मी एक घोट घेतला का तिकडं ती खोटी पडतात." विहीणबाई माझ्या तोंडाकडे पाहायला लागल्या. मी जिलबीच्या ताटाकडे पाहायला लागले. एकदा सोडलेलं पुन्हा धरायचं नाही, हा त्या नेमाचा दुसरा भाग, आणि खरा त्रास त्याचाच होता. ज्यांना त्यांनी वाक्य दिलं ती पोरं आता बाप्ये झाली, बायका झाल्या, त्यांना ते वाक्य आठवतंय की नाही देव जाणे, पण भाऊजी एकेका पिढीची राखण करत बसलेले.

बरं, सोडायला चांगल्याच सवयी उरल्या, याचं त्यांनाही दुःख होतं. "एखादं व्यसन असतं तर किती सोईचं झालं असतं," असं एकदा चक्क देवासमोर उदबत्ती लावताना म्हणाले. आणि नुसतं म्हणून थांबतील तर ते भाऊजी कसले! एका वर्षी शाळा उघडताच बिडी ओढायला लागले. दिवाळीनंतर सोडता यावी म्हणून! अक्काला उशीखाली बंडल सापडलं आणि ती तशीच अनवाणी माझ्या दुकानात धावत आली. "अवं, या वयात बिडी! माया नशिबात हेच राह्यलं होतं का वं?" मी तिला पाणी दिलं. पण बिडी काही भाऊजींना मानवली नाही. एक झुरका आणि तासभर खोकला. धडा आला तेव्हा त्यांनी ते उदाहरण स्वतःच नापास केलं. "लागलीच नाही, तर सुटली कशी म्हनू?" त्या वर्षी घाईघाईनं रविवारची दुपारची झोप सोडली आणि तेव्हापासून दर रविवारी टक्क डोळ्यांनी छताकडे पाहत पडून राहायला लागले. हे वारं पोरांनाही लागलं. नववीतली एक चिमुरडी, तिनं वर्गात छाती पुढे काढून वाक्य दिलं की मी रोज आंघोळ करत असे. तिची आई दुसऱ्या दिवशी तणतणत शाळेत. थंडीचे दिवस, पोरीला तर निमित्तच हवं होतं, आणि वर तोंड करून सांगते, सर म्हणतात खोटं बोलायचं नाही! भाऊजींना मोठा पेच पडला. शेवटी ते त्या पोरीला म्हणाले, "बाई, तुयं वाक्य बरोबर आहे. आता ते खोटं कर." त्यांच्या तोंडून असं वाक्य निघालेलं मी तरी तेवढं एकच ऐकलं.

आता मूळ गोष्टीवर येते. अक्काचं आणि भाऊजींचं रोज सकाळी भांडण व्हायचं. रोज म्हणजे रोज. विषयाला तोटा नव्हता. भाकरी जाड का, नळ उघडा का, खिडकी बंद का. आणि विषय कोणताही असो, गाडी शेवटी मुधोळ आणि बेल्यावर यायची. "तुमच्या बेल्याले पाहुन्याले पानी विचारायची रीत नाही!" असं अक्का म्हणायची, आणि भाऊजी म्हणायचे, "हो, अन् तुमच्या मुधोळात पानीच विचारतात, देत नाहीत!" अक्काची जीभ काय चालायची! आणि भाऊजींची बोटं हवेत असं काही व्याकरण काढायची की पाहत राहावं. आजूबाजूच्या बायका आपापल्या ओट्यावर भाजी निवडायला त्याच वेळी बसत. भांडण आटपलं की अक्का पोह्यांची बशी त्यांच्यापुढे आदळायची, आणि ते ती चाटूनपुसून शाळेला जायचे. आम्हा सगळ्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्याला आम्ही भांडण म्हणतच नव्हतो.

दोनेक वर्षांपूर्वीची गोष्ट, भाऊजींच्या नोकरीचं शेवटचं वर्ष. दिवाळी झाली. मी दुकानात काचेच्या बांगड्यांचा दोऱ्यात बांधलेला तोडा सोडत होते. नववीतल्या दोन मुली रिबिनी घ्यायला आल्या आणि एक म्हणाली, "मावशी, यंदा सरांनी भांडन सोडलं."

"कोनतं भांडन?"

"बाईंसोबतचं. फळ्यावर लिहिलं. मी रोज सकाळी बायकोशी भांडत असे."

हातातल्या बांगड्या सुटल्या, फुटल्या. अगं बाई! संसार फळ्यावर लिहिला या माणसानं? मी शटर तसंच टाकून अक्काकडे गेले. मला वाटलं ती रडत असेल. ती तर खुशीत! "बरं झालं वं. जन्मभर म्हनत होतो, एक दिवस तरी गप बसा. बसले एकदाचे." आमच्या इकडे बायकाही 'म्हणत होतो' असंच बोलतात, ते सवयीनं कळतं. मी तिचा आनंद पाहून घरी परतले, पण जिवाला काही बरं वाटेना.

थोडे दिवस गेले आणि अक्काचा चेहरा उतरायला लागला. तिनं वरणात मीठ घातलं नाही. भाऊजी जेवले आणि "छान" म्हणाले. तिनं भाकरी करपवली. "छान." तिनं सरळ सांगितलं की बेल्याची माणसं जन्मजात चिकट असतात. ते म्हणाले, "असू शकते." एके दिवशी तिनं त्यांचा चष्मा मुद्दाम पिठाच्या डब्यात ठेवला, तर हे शोधून, पुसून, घालून तिच्याकडे पाहून हसले. भर दुपारी अक्का माझ्या दुकानात आली, स्टुलावर बसली आणि गिऱ्हाइकांसमोर ढसाढसा रडली. माझ्या लग्नात रडली नव्हती इतकी रडली.

"माणूस परका झाला वं. मी काहीही म्हटलं का बरं म्हनते. बरं! दारावर आलेल्या पाहुन्याशी बोलावं तसा माझ्याशी बोलून राह्यला. मी घरात आहो का नाही, तेच मले कळत नाही. मी मुधोळले जातो. भाऊ आहे, भावजय आहे, कोनी तरी माझ्याशी भांडल."

मी तशीच उठले. भाऊजी ओट्यावर बसले होते. संतापानं मला नीट बोलता येईना. "भाऊजी, तुमाले लाज नाही वाटत? अक्का चालली घर सोडून!" त्यांचा चेहरा असा झाला की मला क्षणभर दया आली. खरोखर त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. "पन तीच तर रोज म्हने, गप बसा म्हून," ते म्हणाले. "मले वाटलं, यंदाचं वाक्य तिच्यासाठी होऊन जाईल. शेवटचं साल आहे माझं. आजवर सोडलेल्या कोनत्याच सवयीचा तिले फायदा झाला नाही."

"मग आता भांडा!"

"कसा भांडू वं? अख्ख्या वर्गासमोर बोललो. ती पोरं खोटी पडतात."

"पोरं खरी राहावी म्हून बायकोले घराबाहेर काढता?" मी म्हणाले. ते हात उगाच सपाट ओठावर फिरवत बसले. मी पाय आपटत निघून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का स्टँडवर हजर. थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ निघत होती. पिशवी भाऊजींनी उचलली होती, आणि शाळेची वेळ असल्यानं बाजूच्या खेड्यांतून आलेली नववीची निम्मी पोरं तिथंच उभी. आदिलाबादची बस लागली, तिथून पुढे मुधोळची. अक्का चढली, खिडकीशी बसली. खाली उभे राहून भाऊजी म्हणाले, "पोचल्यावर फोन करा." करा! इतक्या वर्षांच्या बायकोला करा! अक्कानं तोंड फिरवलं. मग ते म्हणाले, "शाल कुठं आहे?"

"नाही घेतली."

"बरं," म्हणाले. बस घरघरत होती. मी त्यांच्याकडे पाहत होते. मानेची शीर ताठली, कानाच्या पाळ्या लाल झाल्या, आणि एकदम ते फुटले.

"बरं काय बरं! काऊन नाही घेतली शाल? मागच्या थंडीत छातीत कफ भरला होता, दवाखान्यात कोन बसलं होतं उशाशी, तुया भाऊ का? मुधोळात काय शेकोट्या पेटवून ठेवल्यात तुयासाठी? उतर! खाली उतर पहिले!"

सगळं स्टँड गार. अक्कानं खिडकीतून मान बाहेर काढली. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि तोंड सुटलेलं. "काऊन उतरू? बायकायले बस फुकट आहे! मुधोळात शेकोटी नाही, पन मानसं तरी आहेत! बेल्यासारखी दगडं नाहीत!"

"दगड तर दगड! दगडाले न इचारता चालली तू! तुया मुधोळच्या मानसायले..." आणि मुधोळच्या माणसांचं त्यांनी जे काही काढलं ते मी माहेरची असून इथे लिहीत नाही. कंडक्टरबाई वैतागून तेलुगूत ओरडली, "अम्मा, एक्कुतारा, दिगुतारा?" जाता की उतरता, एक काय ते सांगा. अक्का उतरली. पण भांडत भांडत उतरली. पिशवी कोणी धरायची यावरून पुन्हा सुरू झालं. मी दुकानाच्या पायरीवर बसून रडत होते आणि हसत होते.

मग भाऊजींना बाजूला उभी असलेली पोरं दिसली. हवेत उठलेलं बोट तसंच राहिलं. इतक्या वर्षांत वर्गासमोर ते पहिल्यांदा खोटे पडले होते. पोरंही भेदरून उभी, सर आता आपल्याला मारतात की स्वतः रडतात, त्यांना कळेना. भाऊजी त्यांच्याजवळ गेले आणि हात जोडले. मास्तरानं पोरांना हात जोडले! "ते वाक्य खोडून टाका रे," म्हणाले. "सर खोटं बोलले." रिबिनी घ्यायला आलेली ती मुलगी पुढे होऊन म्हणाली, "सर, मधल्या दिवसांत तर ते खरंच होतं." भाऊजी म्हणाले, "मधल्या दिवसांत ते सगळ्यात खोटं होतं, बाई." आणि पिशवी उचलून अक्काच्या मागोमाग घरी गेले. त्या वर्षी नववीला यूज्ड टू पुन्हा शिकवलं, ते पुस्तकातूनच. नदीत पोहणाऱ्या त्या गोपालवर त्यांनी काहीही शंका काढली नाही, असं मुली सांगत होत्या.

आता भाऊजी निवृत्त आहेत. सोडायला काही उरलेलं नाही आणि सोडायचं कारणही नाही. अक्काला कानानं जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे त्यांना ओरडून भांडावं लागतं, आणि ओरडताना आता त्यांना मध्येच दम लागतो. तेवढ्या वेळात अक्का थांबते. दम आला की मग पुढचं बोलते. पूर्वी ती थांबत नव्हती. मी सकाळी शटर अर्धं वर करते आणि कान देते. बहुतेक रोज आवाज आलेला असतोच. एखाद्या दिवशी येत नाही. मग मी बांगड्यांची पेटी उघडत नाही, गिऱ्हाइकाशी धड बोलत नाही, रस्त्याच्या मधोमध जाऊन त्यांच्या गल्लीकडे तोंड करून उभी राहते. मोटारसायकलवाले हॉर्न मारतात, मला शिव्या घालतात. मी हलत नाही. मग कधीतरी अक्काचा आवाज येतो, "तुमच्या बेल्यात...", आणि मागून त्यांचा, थोडा दमलेला. तेव्हा मी परत येते आणि शटर पूर्ण वर ढकलते.